सहा वर्षं झाली, झोप नाही. डॉक्टरांनी बायोफीडबॅक सांगितलं आहे, कोणी केलं आहे का?

धुऱ्यावरचा (राळेगाव तालुका, यवतमाळ) · 9 डिसेंबर, रात्री 2:51

नमस्कार मंडळी. वेळ पाहूनच कळलं असेल काहून लिहून राहिलो ते.

वय 44. सात एकर कोरडवाहू, अडीच एकर विहिरीखाली. पऱ्हाटी (कापूस), तूर, आणि आता चना पेरला आहे. माझी झोप गेली 2018च्या पावसाळ्यात. त्या वर्षी आमच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात वाघिणीची दहशत होती, पेपरात रोज यायचं. 13 जीव गेले म्हणून तिच्या नावावर लागले. आमचं वावर जंगलाला लागून. दिवसा वेचणीला बाया यायला तयार नव्हत्या, आणि रात्री वावर सोडलं तर डुकरं आणि रोही (नीलगायी) सकाळपर्यंत काही ठेवत नव्हते. म्हणून मी आणि चुलतभाऊ जागलीला जायचो. मचाणावर एकानं झोपायचं, एकानं जागायचं, असं ठरलं होतं. खरं सांगतो, झोपणाराही झोपत नव्हता. तुरीचं पान हाललं तरी मान ताठ व्हायची आणि श्वास आपोआप थांबायचा.

2 नोव्हेंबरच्या रात्री तिला मारलं. गाव मोकळं झालं, बाया वेचणीला यायला लागल्या. मी मोकळा झालो नाही.

आता तीन वर्षांपासून वावराला झटका मशीन (जनावराला हलका झटका देणारं तारेचं कुंपण) लावली आहे, जागलीला क्वचितच जातो. पण घरात बाजेवर पडलो तरी कान वावरातच. गोठ्यात बैलानं खुंट्याला शिंग घासलं तरी उठून बसतो. नऊ वाजताच पडतो, म्हटलं जास्त वेळ पडलो तर जास्त झोप मिळेल. डोळा लागतो साडेबारा-एकला, आणि तीनच्या आत उघडतो. दिवसा डोळ्यांत रेती भरल्यासारखं होते. पोरावर विनाकारण ओरडतो. मागच्या महिन्यात बंडी हाकताना डुलकी लागली आणि चाक धुऱ्यावर चढलं. पोरगी मागे बसली होती. तिला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून मी घाबरलो आहे.

तालुक्याला एका डॉक्टरांनी अल्प्राझोलम 0.5 दिली होती. दीड वर्ष झालं. आधी अर्धी पुरत होती, आता एक घेऊनही तीनला जाग येतेच. आता यवतमाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. थायरॉइड, शुगर सगळं तपासलं, बायकोला विचारलं हे घोरतात का, श्वास अडकतो का. तसं काही नाही. ते म्हणाले, तुमचं शरीर अजून पहाऱ्यावर आहे, बायोफीडबॅक (यंत्रावर अंगातला ताण दाखवून तो सोडायला शिकवतात म्हणे) आणि शिथिलीकरणाचा, म्हणजे अंग सैल सोडण्याचा, उपचार घ्या. त्यासाठी नागपूरला आठ वेळा जावं लागेल.

माझे प्रश्न सरळ आहेत. कपाळाला तारा लावतात म्हणे, तर शॉक देतात का? (घरचे यानेच घाबरले आहेत.) खरंच फरक पडतो का? आठ वेळा नागपूर म्हणजे आठ दिवस काम बुडते, दोन एसटी बदलाव्या लागतात, आणि चना उभा आहे. घरी करता येईल असं काही आहे का? आणि ही गोळी मी उद्यापासून बंद केली तर चालेल का?

---

संत्रापट्टा (वरुड) · 9 डिसेंबर, सकाळी 7:20

दादा, गोळी एकदम बंद नका करू, एवढं नक्की. माझ्या मामानं केली होती, तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, दवाखान्यात न्यावं लागलं.

बायोफीडबॅकचं मला माहीत नाही. मी झोप मोजणारं घड्याळ घेतलं होतं. सकाळी उठून आधी त्याच्यातला आकडा पाहायचो, कमी असला की दिवसभर तेच डोक्यात. शेवटी आलमारीत ठेवून दिलं. यंत्र म्हटलं की मला तेच आठवते, म्हणून जाणकारांनी सांगावं.

---

चक्कीवाली काकू (आर्वी तालुका, वर्धा) · 9 डिसेंबर, दुपारी 3:35

भाऊ, तुमचं 2:51 पाहिलं आणि पोटात कालवलं. ती वेळ माझ्या ओळखीची आहे. सविस्तर लिहिते, चक्की आता सून पाहते, मला वेळ आहे.

2014 साली आमचे हे रात्री झोपेतच गेले. मी शेजारच्या बाजेवर होते. सकाळी पाच वाजता चहाला उठवायला गेले तेव्हा कळलं. सगळे म्हणाले, किती शांत मरण आलं. मला एकच कळत होतं की मी झोपले होते म्हणून मला समजलं नाही. त्यानंतर नऊ वर्षं मी नीट झोपले नाही. तुमचे कान वावरात असतात, माझे शेजारच्या रिकाम्या बाजेकडे असायचे.

डॉक्टरकडे मी झोपेसाठी गेलेच नव्हते. 2023च्या दिवाळीनंतर दाढ दुखत होती म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी आरशात दाखवलं, मागचे दात घासून सपाट झाले होते आणि एका दाढेला चीर गेली होती. म्हणाले, काकू, रात्री दात खाता का? मी म्हटलं, बाप्पा, मी झोपतच नाही तर दात कधी खाणार? त्यांनी डोळ्यांत पाहून विचारलं, किती वर्षांपासून झोपत नाही? त्या एका प्रश्नानं पुढचं सगळं झालं. भाच्यानं नागपूरला नेलं. एसटीत आम्हा बायांना अर्धं तिकीट नुकतंच सुरू झालं होतं, नाहीतर मी सहा वेळा गेले नसते.

आधी शॉकचं सांगते, म्हणजे घरच्यांच्या मनातली भीती जाईल. शॉक नसतो. ईसीजी काढतात तेव्हा छातीला चकत्या लावतात, तसंच हे. यंत्र अंगात काहीच सोडत नाही, अंगातलं वाचते. स्नायू आवळला की त्यात अगदी बारीक वीज तयार होते, एका व्होल्टचा दहा लाखावा भाग अशी मोजणी असते तिची. कपाळ स्पिरिटनं पुसलं, तीन चकत्या चिकटवल्या, बोटाला तापमानाची बारीक वायर गुंडाळली. समोर पडद्यावर आकडा, आणि स्पीकरमधून पीऽऽ असा आवाज. स्नायू आवळले की आवाज चढतो, सैल झाले की उतरतो. बस एवढंच.

मी खुर्चीत बसले. आकडा 9 आणि आवाज चढलेला. मी यंत्र लावणाऱ्या मुलीला म्हटलं, बाई, यंत्र बिघडलं आहे, मी तर पार सैल बसले आहे. ती हसली नाही. तिनं हळूच विचारलं, काकू, तुमची जीभ कुठे आहे आत्ता?

जीभ टाळूला घट्ट चिकटलेली होती. वरचे दात खालच्या दातांवर दाबलेले. मला माहीतच नव्हतं, भाऊ. तिनं सांगितलं तशी जीभ सोडली, दातांत तांदळाचा दाणा मावेल एवढी फट ठेवली, आणि तो आवाज जिना उतरल्यासारखा खाली आला. 9चे 5 झाले. मी तिथं खुर्चीतच रडले. नऊ वर्षं मी जबडा आवळून धरला होता आणि तो सोडता येतो हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

हे मला माझ्या धंद्यातून कळलं, तसंच तुम्हाला सांगते. चक्कीवर नवीन माणूस बसला की पीठ बारीक यावं म्हणून चाक आवळत जातो. दगड एकमेकांना घासतात, पीठ गरम येते, करपट वास मारते, पण त्याला कळत नाही, कारण तो चाकाकडे पाहत असतो. मी त्याला म्हणते, पिठाच्या धारेखाली हात धर. हाताला चटका लागला की चाक थोडं सैल कर, परत हात धर. पंधरा दिवसांत त्याचा हात शिकतो. मग तो डोळे मिटूनही चाक बरोबर ठेवतो. बायोफीडबॅक म्हणजे धारेखाली धरलेला हात. चाक आपल्याच ताब्यात असते, ते कोणी दुसरा फिरवत नाही. आणि एकदा हाताला समजलं की यंत्राची गरज राहत नाही. वरुडच्या भाऊंच्या घड्याळात आणि यात हाच फरक आहे. घड्याळ झोपेचे मार्क सकाळी देते, तेव्हा तुम्ही काहीच करू शकत नाही. हे यंत्र दिवसा, जागेपणी, त्या क्षणाला दाखवते, आणि झोपेबद्दल तर ते बोलतही नाही.

दुसऱ्या वेळी मी जिद्दीनं गेले. आज आकडा 3वर आणायचाच. झाला 11. जितका जोर लावला तितका चढला. ती मुलगी म्हणाली, काकू, सैल होण्यासाठी ताकद लावून राहिल्या तुम्ही. रात्री बाजेवर नेमकं हेच होत होतं, झोपायचंच म्हणून मी झोपेशी भांडत होते. इतकी वर्षं लोक म्हणायचे, डोक्यात विचार आणू नका. ते मला कधी जमलं नाही. जीभ खाली सोडणं जमलं.

बोटाच्या वायरचं पण सांगते. माणूस धास्तीत असला की हातापायाच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं थंड पडतात. धास्ती सुटली की बोटं गरम होतात. झोप लागायच्या वेळीही शरीर हातापायांतून ऊब बाहेर टाकते आणि आतून थोडं थंड होते. डिसेंबरात मी गेले तेव्हा बोट 27 अंशांवर होतं, अर्ध्या तासात 33 झालं. मे महिन्यात गेले तेव्हा त्या आकड्याचा काही उपयोग नव्हता, आपल्या उन्हाळ्यात बोटं बाहेरूनच गरम असतात. तुम्ही आता थंडीत जात आहात ते बरंच आहे. घरी एवढंच करा, झोपायच्या तासभर आधी गरम पाण्यात पाय बुडवून बसा, मग पुसून मोजे घाला.

आता घरी काय करायचं ते. मला दोन गोष्टी दिल्या होत्या.

पहिली स्नायूंची. अमेरिकेत जेकबसन म्हणून डॉक्टर होते, त्यांनी 1929च्या सुमारास ही रीत लिहून काढली असं मला सांगितलं. उजवी मूठ पाच-सात सेकंद आवळायची, पूर्ण ताकदीनं नाही, दोन आणे कमीच. मग एकदम सोडायची आणि अर्धा मिनिट नुसतं पाहायचं की सोडलेला हात कसा लागतो. मग डावी मूठ, दंड, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. आवळणं महत्त्वाचं नाही, सोडल्यावरचा तो अर्धा मिनिट महत्त्वाचा. आणि हे पहिले पंधरा दिवस दुपारी करायचं, बाजेवर नाही. मी चक्कीच्या मागे पोत्याला टेकून बसायचे. जी गोष्ट दिवसा शिकली नाही ती रात्री तीन वाजता अंधारात कशी येणार?

दुसरी श्वासाची. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास आत घेताना नाडी जरा जलद होते, सोडताना हळू होते. पडद्यावर त्याची लाट दिसायची, विहिरीत बादली सोडल्यावर दिसते तशी. घरी पडदा कुठून आणायचा? मी शेगावहून आणलेली तुळशीची माळ घेतली. एका श्वासाला एक मणी. 108 मणी म्हणजे बरोबर 18 मिनिटं. संध्याकाळी दिवा लावल्यावर छपरीत बसून करायचे. महिन्याभरानं माळ बाजेवर न्यायला लागले.

पण भाऊ, एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही तरी मला दिसली. नऊ वाजता पडता आणि पाचला उठता, म्हणजे आठ तास बाजेवर, त्यात झोप दोन-अडीच तास. बाकीचे साडेपाच-सहा तास तुम्ही बाजेवर जागलच करता. माझं पण तेच होतं. मला त्यांनी रात्री साडेअकराच्या आत बाजेवर जाऊ नका आणि पाचला काहीही झालं तरी उठा असं लावून दिलं. दुपारी डुलकी नाही. बाजेवर पडून वीसेक मिनिटं झाल्यासारखी वाटली आणि झोप नाही, तर उठून छपरीत बसायचं. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. सुनेला वाटलं मी आजारी पडते. दहाव्या दिवशी साडेअकराला पाठ टेकली आणि एकदम सव्वाचारलाच जाग आली. मधलं काही आठवलं नाही.

मला विचाराल तर झोप आणली ती या वेळेनं. पण यंत्रानं जबडा सोडायला शिकवलं नसतं तर ते आठ दिवस मी काढूच शकले नसते.

आठ वेळा जायला जमत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मी सहा वेळा गेले, पहिल्या तीन आठवड्याला एक, नंतरच्या लांब लांब. आणि आता सगळं छान आहे असं समजू नका. पितृपक्षात ह्यांची तिथी येते त्या रात्री मला अजूनही झोप लागत नाही. मी उठून चहा करते, दोन कप. त्या रात्रीचं मी कोणाला सांगत नाही, आज तुम्हाला सांगितलं.

---

समुपदेशक_अमरावती · 10 डिसेंबर, रात्री 9:10

काकूंनी अनुभवातून जे लिहिलं आहे ते उपचाराच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. मी काही गोष्टी जोडते.

दादा, आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांहून अधिक काळ असं चालू असेल तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1987मध्ये त्याची मांडणी केली ती तुमच्या गोष्टीला तंतोतंत लागू पडते. मुळात सावध स्वभाव असतो, मग एखादं मोठं निमित्त घडतं, आणि निमित्त गेल्यावरही काही सवयी निद्रानाश चालू ठेवतात. तुमच्यासाठी वाघीण हे निमित्त होतं आणि ते 2018लाच संपलं. आज झोप अडवतं आहे ते नऊ वाजता पडणं, बाजेवर कान देऊन राहणं, आणि आज लागेल की नाही ही धास्ती. बाजेवर जाण्याची वेळ आखून देण्याची रीतही त्यांचीच. झोप येत नसेल तर उठून जाण्याचा नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972मध्ये सांगितला.

आता खरं काय ते सांगणं माझं काम आहे. फक्त बायोफीडबॅकनं निद्रानाश जातो असा पुरावा भक्कम नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं 2006मध्ये बायोफीडबॅकला परिणामकारक उपचारांत धरलं होतं, पण 2021च्या मार्गदर्शनात त्यासाठी शिफारस करण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. शिथिलीकरणाला त्यांनी सौम्य शिफारस दिली. ठाम शिफारस आहे ती वर्तन आणि विचार या दोन्हींवर काम करणाऱ्या पूर्ण उपचाराला, ज्यात हे सगळं एकत्र येतं. 2016पासून अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांची संघटनाही गोळीच्या आधी तोच उपचार द्या असं सांगते. म्हणून नागपूरला पहिल्याच भेटीत विचारा, नुसतं यंत्र लावणार की झोपेच्या वेळा आखून देणार, रोजच्या झोपेची वही ठेवायला सांगणार? वही ठेवत असतील तर जाणं सार्थकी लागेल.

तरीही तुम्हाला हे सुचवलं ते मला योग्य वाटतं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला झोपेचे संशोधक पीटर हौरी यांनी पाहिलं होतं की ज्यांचं अंग ताणलेलं असतं त्यांनाच स्नायूंच्या ताणावरचं प्रशिक्षण उपयोगी पडतं, ज्यांचे स्नायू आधीच सैल आहेत त्यांना नाही. तुमची मान ताठ होते, श्वास थांबतो, हे तुम्हीच लिहिलं आहे.

एक धोका आधीच सांगते. जो माणूस पहाऱ्यावर राहून शिकला आहे त्याला सैल झाल्यावर उलट भीती वाटू शकते. छाती धडधडते, आता काहीतरी होईल असं वाटतं. तसं झालं तर उपचार चुकला असं समजू नका. डोळे उघडे ठेवा, पाठ भिंतीला टेकवा, दार दिसेल असं बसा, आणि फक्त हातांपासून सुरुवात करा.

बाजेवरचा वेळ कमी करताना पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. पहिले दोन आठवडे दिवसा झोप येईल, त्या काळात बंडी, ट्रॅक्टर, फवारणी आणि मचाण दुसऱ्याकडे द्या. ज्यांना फिट येतात किंवा ज्यांचं मन मध्येच अतिउत्साही, मध्येच खचलेलं असा आजार आहे, त्यांनी हे डॉक्टरांशिवाय करू नये. गोळीबद्दल वरुडच्या भाऊंनी सांगितलंच. अल्प्राझोलम दीड वर्षानंतर एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टर ती आठवड्यांच्या हिशोबानं थोडी थोडी उतरवतील. झोपेची वेळ बदलणं आणि गोळी उतरवणं एकाच वेळी सुरू करू नका.

आणि एक प्रश्न विचारते, राग मानू नका. रात्री तीन वाजता जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं कधी वाटतं का? वाटत असेल तर त्याच रात्री 14416 हा टेली-मानसचा नंबर लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022पासून आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आपल्या जिल्ह्यांत हा प्रश्न विचारायला संकोच करून चालत नाही.

---

धुऱ्यावरचा · 27 जानेवारी, संध्याकाळी 7:40

उशीर झाला उत्तर द्यायला. चना घाट्यांवर आला आहे, तूर काढून झाली.

ताई, तुम्ही विचारलं ते बायकोनंही विचारलं होतं. तसं नाही. पण तुम्ही विचारलं ते बरं वाटलं.

नागपूरला तीनदा जाऊन आलो. शॉक नाही हे काकूंचं लिहिलेलं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा तिनं जाऊ दिलं. माझं कपाळ तितकं आवळलेलं नव्हतं. त्यांनी मग मानेच्या मागे चकत्या लावल्या, तिथं आकडा 14. आणि एक गोष्ट मी स्वतः पाहिली. बाहेर रस्त्यावर कुठल्यातरी गाडीचा ब्रेक करकचून वाजला. मला वाटलं मी हललोही नाही, पण पडद्यावर आकडा 31 झाला आणि खाली यायला चार मिनिटं लागली. त्या साहेबांनी घड्याळ लावून दाखवलं. मचाणावर पण हेच होत असणार, एका खसखशीला चार मिनिटं, आणि रात्रीत अशा पन्नास खसखशी.

ताईंनी सांगितलं तसंच झालं, दुसऱ्या वेळी मान सैल सोडली आणि एकदम घाम फुटला. वाटलं मागून कोणी येते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी खुर्ची फिरवून पाठ भिंतीकडे केली, दार समोर. मग जमलं.

आता रात्री अकराला बाजेवर, साडेचारला उठतो. अकरापर्यंत छपरीत बसून बायकोसोबत बियाण्याची तूर निवडतो, बोलणं होते. खूप वर्षांनी असं बसलो. पहिल्या दोन आठवड्यात बंडी चुलतभावाकडे दिली होती. वही ठेवली आहे, पोरगी सकाळी विचारून लिहिते. मागच्या आठवड्यात चार रात्री साडेचार-पाच तास झोप झाली, तीन रात्री नाही. गोळी अजून एकच आहे. डॉक्टर म्हणाले चना काढून होऊ द्या, मग पाव पाव उतरवू.

परवा रात्री बैलानं शिंग घासलं. ऐकू आलं. मानेला हात लावून पाहिला, आवळलेली होती. उठून बसलो नाही, सहा मोजत श्वास सोडला. गोठ्यात बैल आहे, त्याच्या मानेला खाज आहे, एवढंच मनात म्हटलं. पुढचं आठवत नाही.

काकू, एक विचारायचं आहे. आईची माळ घेतो, पण 108 पूर्ण होत नाहीत. चाळीस-पन्नास मण्यांवर हातातून सुटते. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे धरायची की पहिल्यापासून?

---

चक्कीवाली काकू · 27 जानेवारी, रात्री 8:05

पहिल्यापासून. आणि सुटली की शोधत बसू नका भाऊ, सकाळी उशीखाली सापडते. मानेखालची उशी किती उंच आहे ते पाहा, माझी मी अर्धी रुई काढून पातळ केली होती. बैलाच्या मानेला करंजीचं तेल लावा.